म्हाताऱ्याचा पितळी वाडगा
इतवारा बाजारात कुणी संत्रं सोललं की मला गाझाची चौकी आठवते. इकडे नवा मध्यप्रदेश झाला, त्या दिवसांत शांतिसेनेत गेलेल्या आमच्या पलटणीचा तिथे पहारा होता. चौकीमागच्या बागेतला म्हातारा पितळी वाडग्यातून संत्री आणायचा. रिकामं भांडं परत देऊ नये, ही आईची शिकवण. म्हणून मी त्यात साखर नाहीतर चहापत्ती घालून द्यायचो. एकदा राशन संपलं होतं. "उद्या भरून देतो, बाबा," असं खुणेनं सांगून मी वाडगा ठेवून घेतला. सकाळीच बदलीचा हुकूम आला आणि ट्रक निघाला. म्हातारा झग्याचा ओचा करून त्यात संत्री घेऊन बांधावर उभा होता, कारण वाडगा माझ्याकडे होता. ती बाग आता राहिली नाही म्हणतात. वाडग्यातला गूळ संपत आला की मी अजून भरतो. परत द्यायचाय.