एकही अक्षर न चुकता

आमचे हे सुरतच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या मुलांना शिकवत आणि उरलेला जीव संशोधनात घालत. विषय बिनतारी संदेशांचा. हवेतून पाठवलेला निरोप वाटेत कुठे बिघडतो, आणि बिघडला तरी पलीकडे दुरुस्त करून कसा घ्यायचा, एवढ्या एकाच गोष्टीमागे हा माणूस हात धुऊन लागला होता. रविवारी लोक डुमसच्या समुद्रावर फिरायला जात. हे स्कूटरच्या मागे एरियलवालं खोकं बांधून बमरोलीच्या कारखान्यांमधून फिरत. पत्र्याच्या शेडमध्ये लहर शिरते का, मागांच्या मोटरी चालू असताना निरोपातली किती अक्षरं फुटतात, ते टिपून आणत. लोक त्यांना वीजचोरी पकडणारा साहेब समजून तारेवरचे आकडे काढून टाकत. यात हसण्यासारखं काय आहे ते यांना कधीच कळलं नाही. मी मात्र पोट धरधरून हसायचे.

त्यांच्या शास्त्रातलं मला एवढंच उमगलं होतं की जे आधीच ठाऊक आहे ते सांगण्यात माहिती नसते.

"मग भाजी कोणती म्हणून रोज विचारता, त्यात काय मिळतं तुम्हाला?"

"शून्य," ते म्हणायचे. "वांगंच असतं."

"आणि निरोपाचा अर्थ? तो मोजता की नाही?"

"अर्थ आम्ही धरत नाही. पाठवलेलं जसंच्या तसं पोचलं की आमचं काम संपलं."

पेजर आले तेव्हा यांनी हौसेने एक घेतला. आमच्या क्वार्टरला फोन नव्हता, म्हणून तो नंबर मी गावाकडे भावाला देऊन ठेवला. माझ्या वडिलांनी सुरतेतच डिंडोलीत राहून उभी हयात माग चालवले आणि म्हातारपणी आईला घेऊन ते नंदुरबारच्या पलीकडे, आमच्या गावी परत गेले होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. गावात फोन नव्हता. काही कळवायचं तर भावाने तालुक्याला जाऊन एसटीडी बूथवरून पेजरच्या ऑपरेटरला मजकूर सांगायचा, आणि तो यांच्या कमरेला वाजायचा. उलट काही विचारायची सोय त्या डबीत नव्हती.

एका सकाळी ती वाजली. यांनी वाचलं, आणि माझ्यापुढे धरली. फादर सीरियस. कम सून.

आता हे आमच्याकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. मेल्याचा निरोप कुणी मेला म्हणून पाठवत नाही. लांबच्या माणसाला वाटेत धक्का बसू नये म्हणून तब्येत गंभीर आहे असंच कळवायचं, आणि ऐकणाऱ्याने ऐकताक्षणीच रडायला लागायचं. तार होती तेव्हापासून हेच चालत आलं होतं. मी हातातली कणीक तशीच टाकली आणि दादांच्या नावाने हंबरडा फोडला. हेही खानदेशातलेच. एवढं शिकलेला माणूस, पण त्यांच्याही मनात दुसरी शंका आली नाही.

सकाळची पॅसेंजर पकडली असती तर दुपारी गावात असतो. पण आम्ही कळवलं तसे डिंडोलीहून काका आले आणि त्यांनी आम्हाला थांबवलं. "आते घाई कसानी? समदा संगेच जाऊत." मातीला सगळ्या भाऊबंदांनी मिळून जायचं, एकट्या पोरीने पुढे धावायचं नाही. जावयाने मयताच्या अंगावर कोरं कापड टाकायची रीत, म्हणून हे रिंग रोडच्या बाजारात गेले. दुकानं उघडायची होती, तिथे ताटकळले. मग जीप ठरली, मग दूरच्या आत्याला घ्यायला वळसा झाला. निघालो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

पोचलो तोवर दिवस कलला होता. दारात तिरडी नव्हती, माणसंही फारशी नव्हती. भाऊ ओट्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मला पाहून उठला.

"आतेच गयात," तो म्हणाला. "दिवसभर इचारी ऱ्हायंतात, पोर कव्हय येई, पोर कव्हय येई."

मी त्याच्यावर ओरडलेच. जीव आहे तसं कळवायचं नाही का? तो म्हणाला, "सीरियसच व्हतात ना. मंग दुसरं काय सांगतू?"

दादांचे पाय अजून कोमट होते. आई उशाशी बसली होती. रडत नव्हती. यांच्या काखेतल्या पुडक्याकडे ती पाहत होती. थोड्या वेळाने काकांनीच ते सोडलं आणि कापड दादांवर घातलं.

दहाव्याला माझा राग यांच्यावर निघाला. एवढी वर्षं खोकं घेऊन उन्हातान्हात फिरलात, कशासाठी? यांनी खाली मान घालून सांगितलं, "निरोप बरोबर आला होता. एकही अक्षर चुकलं नव्हतं." ती डबी तापीत भिरकावून द्यावी असं मला वाटलं. मग ते भावाजवळ जाऊन बसले. मेलेल्याला आणि अत्यवस्थ माणसाला आपण एकच शब्द ठेवलाय, त्याला म्हणाले. दोन गोष्टींना एकच खूण असली तर जगातलं कुठलंही यंत्र त्या वेगळ्या करून देणार नाही. यापुढे माणूस जिवंत असेल तर जिवंत आहे असं कळवायचं. भावाने मान हलवली. मला त्या वेळी यांचं ते शहाणपण विषासारखं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात पेजर वाजला. मदर अलाइव्ह. कम सून. भाऊ नंतर सांगत होता, ऑपरेटर मुलीने दोनदा विचारलं, भैया, नक्की हेच लिहू ना?

या खेपेला मी कुणाची वाट पाहिली नाही. हे आणि मी नेसत्या कपड्यांनिशी स्टेशनवर गेलो. दुपारी गावात पोचलो तर आई खाटेवर होती, डोळे उघडे होते, मला तिने ओळखलं. मी तिला चमच्याने पेज भरवली. किती दिवसांनी मला बरं वाटलं म्हणून सांगू! हे दारात बसून भावाशी हळू आवाजात बोलत होते. त्यांची डबी लागू पडली होती.

आईने माझा हात धरला.

"तू आज लगेच उनी," ती म्हणाली.

"हां माय."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

"त्या दिनले," ती म्हणाली, "ते कापड कव्हय लिधं व्हतं तुम्हीन?"

दारातलं बोलणं थांबलं.

"सकाळी," मी म्हणाले.

तिने माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.