वाघाला आवतण

तंबूत राहायची हौस आमच्या मुलीची. शाळेची सहल खोडदला दुर्बिणी बघायला गेली आणि तेव्हापासून तिला ताऱ्यांचं वेड लागलं. आम्ही राहतो त्या जुन्नरच्या बाजारपेठेत पाट्याच इतक्या झगमगतात की गच्चीवरून चंद्र दिसला तरी पुष्कळ. नवरा म्हणाला, डोंगरावर एक रात्र काढू. माझ्या सासरी सगळ्यांचा जन्म कापडाच्या दुकानात गादीवर बसून गेलेला, त्यामुळे मला आधी हसूच आलं.

मग आठवला वाघ. आमच्याकडे बिबट्याला बिबट्या कुणी म्हणत नाही. तो शब्द वनखात्याच्या पाटीवरचा. तोंडी वाघच. त्याच्या मुलखात लहान मुलीला घेऊन झोपायला जायचं, याची मला खरोखर भीती वाटत होती.

जागा दाखवली दुकानाच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. डिंगोऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांचं शेत, त्याच्यावर डोंगराचा माळ. नवऱ्याच्या मनात भरली होती ओढ्याकाठची, आंब्याखालची जागा. भाऊंनी ती तिथल्या तिथे मोडीत काढली. ओढ्याला झाडी, पलीकडे ऊस, त्यात ऊसतोड चालू. अशा दिवसांत उसातला आसरा गेलेला वाघ बिऱ्हाड घेऊन हिंडतो म्हणाले. त्यांनी आम्हाला वर उघड्या कातळावर नेलं. तिथून चारी बाजूंना नजर पोचत होती आणि गाडी तंबूला खेटून लावता येत होती. उजेड ठेवा, मोठ्यानं बोला, एकट्यानं लांब जाऊ नका, हे सगळं सांगून झाल्यावर ते मुलीकडे बघत मला म्हणाले,

"वैनी, पोरीला उकिडवी बसू देऊ नका. उभ्या मानसाला वाघ बिचकतो. वाकल्यालं त्याला शेरडू वाटतंय."

ते मी मनाशी गाठ मारून ठेवलं.

आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. नवऱ्याला त्या दिवशी या गोष्टीचा भारी अभिमान वाटला. रात्रीची चूल नाही, खरकटं नाही, वास नाही, मग वाघ येईलच कशाला, असं त्याचं गणित. ऊन कलायला लागलं तसे आम्ही मेथीच्या पुऱ्या आणि लोणचं खाऊन मोकळे झालो. भाऊंनाही ही रीत पसंत पडली. ते खाली धारा काढायला गेले.

पण दारी आलेलं जनावर उपाशी धाडायचं नाही, हाही आमच्या घरचा नेमच. कुठूनशी एक पिवळी कुत्री आली, बरगड्या दिसणारी. नवऱ्यानं डबा पुन्हा उघडला आणि उरलेल्या पुऱ्या तिला हातानं भरवल्या. ती तंबूच्या दारातच वेटोळं करून बसली. मुलीला ताऱ्यांचा विसर पडला.

भाऊ दूध घेऊन वर आले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. कुत्रीवर नजर जाताच त्यांनी किटली खाली ठेवली.

"शेठ, ह्ये काय केलंत? वाघ कुत्र्यावर टपल्याला असतो. कुत्र्याला घास म्हंजी वाघाला आवतण."

हाकललं तर ती चार पावलं जायची आणि शेपूट हलवत परत यायची. खाल्ल्या पुरीला जागत होती बिचारी. मग एकदम ती थबकली. भुंकली नाही की गुरगुरली नाही, शेपूट पोटाशी घेऊन गाडीखाली शिरली. तिला बोलवायला मुलगी चाकाशी उकिडवी बसली. मी मान वर केली तर कातळाच्या कडेला तो उभा होता.

वाघ मी मोबाइलवर पाहिलेले, कुणाच्या अंगणातल्या कॅमेऱ्यात सापडलेले, राखाडी, चोरटे. हा चोरटा नव्हता. मावळतीचं ऊन त्याच्या अंगावर होतं आणि एकेक ठिपका उठून दिसत होता. त्याच्या श्वासाबरोबर ती सोनेरी कूस वरखाली होत होती. इतकं देखणं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या मुलीकडे बघत होतं. आम्ही गिऱ्हाइकाचं माप नजरेनं घेतो तसं तिचं माप घेत होतं.

"उभी राहा," मी म्हणाले. "हळू. माझा हात धर."

ती उभी राहिली. मी तिला कडेवर घेतलं. भाऊ हात वर करून आमच्या पुढे झाले आणि घरच्या माणसाशी बोलावं तसे त्याच्याशी बोलत राहिले, की जा बाबा, आमी हाये इथं. नवऱ्यानं नवकार मंत्र म्हणायला घेतला, चांगला खड्या आवाजात. वाघानं आमच्याकडे एकवार पाहिलं. मग मान वळवली आणि, घाई कसलीच नाही, कडेवरून खाली उतरून गेला. पायांचा आवाजसुद्धा आला नाही. माझी नजर त्या रिकाम्या कातळावरून हलेना.

तंबू तसाच गुंडाळला. कुत्रीला सोडून नवरा निघेना, म्हणून तिलाही गाडीत घेतलं. डोंगराखाली येईपर्यंत आभाळ ताऱ्यांनी भरलं होतं. मुलगी काचेला नाक लावून बराच वेळ बघत बसली.

"बाबा," ती म्हणाली, "आपण दिवस मावळायच्या आत जेवलो. वाघाची तर जेवायची वेळ तेव्हाच झाली होती ना?"

जीवदयेवर तासभर बोलू शकणाऱ्या माझ्या नवऱ्यानं नुसता गिअर बदलला. माझ्या पायांशी कुत्री निवांत झोपली होती, आणि एवढी घाबरून गेल्यावरही मला त्या उपाशी गेलेल्या वाघाचं वाईट वाटत होतं.