साहेबांसाठी झाडलेलं अंगण

पाहुणे येणार म्हटलं की तुम्ही आधी काय करता? घर आवरता ना? मीही एका बाईला तेच करायला लावलं आणि तिचा चालता धंदा बुडवला.

तिला सगळे कानमावशी म्हणतात. प्लास्टिकची पिशवी कानाशी धरून चुरगाळली की ती कुठल्या ढिगात जाणार, हे ती न बघता सांगायची. "कर्र करते ती सासू, सळसळते ती सून. एकत्र ठेवल्या की मालाचं वाटोळं," म्हणायची, आणि शेजारी निवडत बसलेली तिची सून सगळ्यात मोठ्यानं हसायची. घरामागच्या अंगणात असे सात ढीग. चौदा वर्षं गल्लीतला निम्मा कचरा घंटागाडीपर्यंत पोचलाच नाही.

मग नगरपालिकेची योजना आली. टाकाऊ मालावर धंदा करणाऱ्यांना नाममात्र भाड्यानं शेड आणि गठ्ठे बांधायचं मशीन. मावशीला डोक्यावर पत्रा हवाच होता. निवडलेला कागद दर पावसात भिजून लगदा व्हायचा. अर्ज मी भरला. शाळा माझी सातवीपर्यंतच, पण कचेरीतल्या भल्याभल्यांना मी नियम तोंडपाठ म्हणून दाखवते. तोच माज नडला.

मंगळवारी तपासणी होती. शनिवारी मी जाऊन म्हणाले, "मावशी, हे सगळं हलवा. साहेब नाक मुरडतील."

"अगं, माल म्हणजे घाण का?"

"कचेरी तुम्हाला कळते की मला?"

सून म्हणाली, "ताई, मग साहेब बघणार काय? आमची तोंडं?" मी तिच्यावरही डाफरले.

दोन दिवसांत सगळा माल भंगाराच्या मोठ्या व्यापाऱ्याकडे गेला. अंगण धुतलं, भिंतीला चुना मारला, दारात कुंडी मांडली. साहेब आले, चहा प्यायले, चौफेर बघून म्हणाले, "स्वच्छ ठेवलंय. पण धंदा कुठंय?"

"परवापर्यंत होता," मावशी म्हणाली.

"परवाचं मी कसं लिहू, आजी?"

मी आवाज चढवला. त्यांनी पेनाला टोपण लावलं. शेरा आला: जागेवर कोणतेही काम आढळले नाही. साहेब खोटं लिहिताहेत असं ओरडता आलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

शेड त्या व्यापाऱ्याला मिळाली. त्याची गाडी दारोदार फिरू लागली आणि गल्लीचा माल तिकडे वळला. मावशी आता त्याच्याच शेडमध्ये सरकत्या पट्ट्यापाशी रोजंदारीवर उभी असते. मशीनच्या खडखडाटात तिला पिशवी ऐकूच येत नाही. परवा गेले तेव्हा सवयीनं एक पिशवी कानाशी नेली, थांबली आणि खाली टाकली. मला म्हणाली, "तुझा काय दोष, पोरी. तू भल्यासाठीच केलंस." त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

यंदा पालिकेनं पुन्हा अर्ज घेतले. मावशीनं भरला, सुनेच्या भरवशावर, माझ्या नाही. सून अंगणात निवडायला बसलीही, पण ढीग गुडघ्याएवढेसुद्धा नाहीत, आणि तपासणी येत्या मंगळवारी आहे. मला भांडायची सवय आहे, मागायची नाही. तरी मागते. घरातल्या पिशव्या, बाटल्या, रद्दी जे असेल ते आजपासून तिच्या अंगणात नेऊन द्या. आणि तिथं जाऊन कुणी झाडू हातात घेऊ नका.