बदामाखालचं अल फ्रेस्को

"वहिनी, आत कसल्या जेवताय? या, अल फ्रेस्को!"

तळमजल्यावरच्या भाऊजींची ही हाक खालून आली की आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगीत सगळ्यांना कळायचं, अंगणातल्या बदामाखाली पान मांडलं.

मी विचारलंच एकदा, हे अल फ्रेस्को आहे तरी काय? "इटालियन आहे. फ्रेस्को म्हणजे ताजं, गार. अल फ्रेस्को म्हणजे गारव्यात. इंग्रजांनी उचललं नि उघड्यावरच्या जेवणाला लावलं." आता तुम्हीच सांगा, मे महिन्यात डोंबिवलीत कसला आलाय गारवा? बदामाखाली घडीचं टेबल, पायाशी डासांची अगरबत्ती, नि वरून एखादं पान थेट आमटीत. "कढीपत्ता समजा," म्हणायचे.

भाऊजींचा जन्म गेला ठाण्यातल्या एका हॉटेलच्या भटारखान्यात. बाहेर हिरवळीवर पाटी, अल फ्रेस्को. "ताटं मी भरायचो, हवा गिऱ्हाईक खायचं. आमच्या भटारखान्याला खिडकीसुद्धा नव्हती, वहिनी." हे सांगताना मात्र हसले नाहीत.

आणि नेमकी बदामाखालचीच जागा सोसायटीच्या सेक्रेटरींना स्कूटरी लावायला हवी झाली! मतदानासाठी मीटिंग ठरली. भाऊजींचं तोंड एवढंस्सं. "रिटायर झाल्यापासून एक जेवण आत केलं नाही हो."

"अन् पावसात?"

"छत्री आहे की."

मीटिंग सेक्रेटरींच्या हॉलमध्ये. भाऊजी आलेच नाहीत. सेक्रेटरी बोलायला उभे राहिले आणि लाइट गेली. पंखे बंद, माणसं घामाघूम. तेवढ्यात खालून हाक, "अहो, मीटिंग खाली घ्या! अल फ्रेस्को!"

बघतो तर मेणबत्त्या लावलेल्या, पिठलं रटरटतंय, भाकऱ्यांची चवड, कैरीचा तक्कू. मन रमेना म्हणून करत बसले होते म्हणे. सेक्रेटरींनी भाकरी मागून घेतली, वर पुन्हा पिठलं. मतदानाला हात वर करणार कोण? सगळ्यांचे हात पिठल्यात! विषय राहिला तो राहिलाच.

भाऊजी गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. घडीचं टेबल माझ्याकडे आहे.

परवा एका नव्या भाडेकरूने बदामाखाली स्कूटर लावली. सेक्रेटरी बनियनवरच धावत खाली. "अहो, इथे नाही! ही अल फ्रेस्कोची जागा आहे."

"म्हणजे काय?"

सेक्रेटरी झाडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे इथे एक जण जेवायचे."