हिरवा रणगाडा

अंगात येणं, नजर लागणं, झपाटणं... यातलं मी काहीच मानत नाही. शिक्षण माझं चौथीपर्यंतच, पण डोकं ठिकाणावर आहे. या पानावर लोक आपापले अनुभव लिहितात ते वाचून मी पुष्कळदा हसले आहे. आता तुम्ही मला हसा.

आमचं देवळीला किराणा दुकान, मागच्या बाजूला घर. मधल्या खोलीत दिवाण आणि त्याच्यासमोर टीव्ही. त्या दिवाणावर माझी नणंद सुमन असायची. मी लग्न होऊन आले तेव्हा ती फ्रॉक घालायची. लहानपणच्या तापानं तिच्या हृदयाची झडप खराब झाली, म्हणून लग्न झालं नाही. चार बादल्या पाणी भरलं की धाप लागायची. बसून होतील तेवढी कामं ती करायची... भाजी निवडणं, लसूण सोलणं.

नव्वद सालानंतर केव्हातरी ह्यांनी आमच्या मुलासाठी, प्रमोदसाठी, वर्ध्याहून टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम आणला. एक पिवळी कॅसेट आणि दोन रिमोट. पुढे प्रमोद नागपूरला शिकायला गेला आणि गेम सुमनचा झाला.

तिला एकच खेळ आवडायचा, रणगाड्यांचा. खाली मधोमध विटांच्या कुंपणात एक पक्षी असतो. वरून येणाऱ्या दुश्मन रणगाड्यांची गोळी त्याला लागली की खेळ संपला. प्रमोद सांगायचा तो गरुड आहे. सुमन म्हणायची, "कायचा गरुड? कोंबडी हाय ते." पिवळा रणगाडा पहिल्या रिमोटचा, हिरवा दुसऱ्याचा. दुपारी जेवणं झाली की ती मला हाक मारायची.

"वहिनी, या लवकर. पहिला रिमोट घरच्या मालकिनीचा."

"अन् तू काय करशीन?"

"तुमी जा समोर लढाले. मी कोंबडी सांभाळतो."

आणि खरंच ती हिरवा रणगाडा कोंबडीसमोरून हलवायची नाही. इकडून गोळी आली की एक पाऊल इकडे, तिकडून आली की एक पाऊल तिकडे. मी चुकून आमच्याच विटा फोडायची. मग ती ओरडायची, "वहिनी! दुश्मन तिकडं हाय, तुमी घरच पाडून राह्यल्या!" तिला हसून हसून खोकला यायचा. मलाही मजा यायची, खोटं कशाला बोलू.

पण मी पहाटेपासून पायावर उभी असायची. एक दिवस शेजारीण दारातून बोलली, "सुखी हाय बाई तुमची नणंद. आमाले तं मराले फुरसत नाई." ते माझ्या डोक्यात बसलं. आत आले तर मेथीची जुडी तशीच पडलेली आणि ही बटणं दाबत बसलेली.  ती अंघोळीला गेली तेव्हा गेमचा अडॅप्टर काढला आणि तुरीच्या डाळीच्या कोठीत, कडुनिंबाच्या पाल्याखाली खुपसून ठेवला.

"अडॅप्टर जळला," असं तिला सांगितलं. "वास येऊन राह्यला होता, मी फेकून देला."

तिनं ते लगेच खरं मानलं. वर म्हणाली, "माहीच चुकी हाय वहिनी. मीच लय वेळ चालू ठेवतो."

रोज विचारायची, "दादाले सांगितलं का नवा आणाले?" मी म्हणायची, सांगितलं. ह्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. आठ दिवस काम करू दे, मग काढीन, असं मनात होतं. आठाचे पंधरा दिवस झाले. तीन आठवडे व्हायच्या आत ती गेली. दुपारी, भाजी निवडता निवडता. डॉक्टर म्हणाले, झडप एवढीच चालायची होती. ते खरं असेल. पण तिचे शेवटचे वीस दिवस बंद गेमसमोर गेले आणि ते मी केलं.

तेराव्यानंतर अडॅप्टर कोठीतून काढला, पुसला आणि गेमच्या खोक्यात घालून माळ्यावर टाकला. कोणाला बोलले नाही.

आठेक वर्षांनी प्रमोद पुण्याहून दिवाळीला आला. बरोबर नवी सून. त्यानं माळ्यावरून ते खोकं काढलं आणि लहान पोरासारखा नाचला. मी म्हटलं, "तुह्या कंप्यूटरवर एवढे मोठमोठे गेम हायेत, मंग याच्यात काय ठेवलं?"

"ते खेळाले डोकं लागते आई. हे हातालेच आठवते. मले तं दिवाणावर बाजूले आत्या बसल्यासारखी वाटते."

मी फराळाचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

दुसऱ्या रिमोटची वायर उंदरानं मधूनच कुरतडून टाकली होती. रिमोट जमिनीवर, वायरचा तुकडा यंत्राला. तरी आत्याचा हिरवा दिसावा म्हणून प्रमोदनं दोघांचाच खेळ लावला आणि पहिला रिमोट माझ्या हातात दिला. "खेळ आई. हिरवा तं काई हलत नाई, तू एकटीच लढ."

भर दुपार होती, खोलीत लख्ख उजेड. माझा पिवळा रणगाडा वर गेला. हिरवा निघाला आणि कोंबडीसमोर येऊन उभा राहिला. डावीकडून गोळी आली, तो एक पाऊल डावीकडे. उजवीकडून आली, एक पाऊल उजवीकडे. प्रमोद हसला, "काई तरी शॉट झाला वाटते." सूनबाई म्हणाली, "अय्या, किती छान सांभाळतोय!"  ते चालणं मला पाठ होतं.

तेवढ्यात प्रमोदचं लक्ष बोर्डाकडे गेलं. "आई, हा तं जुनाच अडॅप्टर दिसते. जळला म्हून आत्यानं फोनवर सांगितलं होतं ना? मंग चालून काऊन राह्यला?"

सांगायची वेळ तीच होती. पण नवी सून समोर. तिच्यासमोर मी काय सांगू, की तुझ्या सासूनं आजारी माणसाचं खेळणं डाळीत लपवलं?

मी म्हटलं, "तो जळलाच होता. हा मागून आणला."

हिरवा रणगाडा थांबला. तोंड फिरवलं. कोंबडीसमोरून हळूहळू बाजूला झाला, पार उजव्या कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वरून गोळी आली. मधे कोणी नव्हतं. खेळ संपला.

"अरे, आता काऊन सोडलं यानं?" प्रमोद म्हणाला. मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले.

नंतर वर्ध्याच्या एका रिपेअरवाल्याला मी ते यंत्र दाखवलं. त्यानं उघडून पाहिलं, म्हणाला, वायर तुटल्यावर हलायचा प्रश्नच येत नाही आजी. प्रमोद म्हणतो, कॅसेट जुनी झाली. असेल. पण मग बरोबर माझ्या त्या वाक्याला हिरवा का थांबला, हे दोघांनाही सांगता येत नाही. मलाही नाही. भुतावर माझा आजही विश्वास नाही.

वायर मी जोडलेली नाही. जेवण झालं की मी दिवाणावर बसते, तुटका रिमोट बाजूला ठेवते आणि दोघांचा खेळ लावते. "सुमन, जळला नव्हता. मीच लपवला होता," हे मोठ्यानं बोलते. घरात कोणी असलं तरी बोलते, सून असली तरी.

हिरवा जागचा हलत नाही. पहिल्या गोळीला मरतो. मी पुन्हा सुरू करते.