नागसेनभाऊंनी काहीच न करायचं ठरवलं

चंद्रपूरकडच्या मूल गावात नागसेन निमगडेचा आवाज आधी पोचायचा आणि नागसेन मागून. त्याचं बिछायत केंद्र होतं. लग्नाचे मंडप, पडदे, गाद्या, खुर्च्या, स्टेज, सगळं त्याच्याकडे मिळायचं. माणसं एका बाजूने मंडप उभा करायची आणि नागसेन दुसऱ्या बाजूला उभा राहून ओरडायचा. पाइप उचलला की "उचल!", ठेवला की "ठेव!", आणि कोणी नुसता उभा दिसला की "उभा काऊन हाये बे?" त्याचा सगळ्यात जुना मिस्त्री इतवारी मडावी गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमचे भाऊ नाई ओरडले तर पाइपाले समजतच नाई, वर जाचं हाये का खाली."

मंडपवाल्याचा धंदा तसा हंगामाचा. पण नागसेनला ते मान्य नव्हतं. बारा महिने, तीसही दिवस कामाची गती सारखी पाहिजे, हे त्याचं नियोजन. आषाढात लग्न नाही, कार्य नाही, तरी माणसांनी गोदामात यायचंच. मग खुर्च्या धुवायच्या. धुतलेल्या खुर्च्या पुन्हा धुवायच्या. इकडे माणसांच्या शेतात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झालेला असायचा. मग कोणाला ताप यायचा, कोणाचं पोट दुखायचं, आणि इतवारीची एक मावशी तर दर पावसाळ्यात वारायची. नागसेन तिच्या घरापर्यंत जाऊन भांडून आला होता. दार मावशीनेच उघडलं.

अशा कारभाराने मंडप उभे राहिले, पण नागसेनचं ब्लडप्रेशरही उभं राहिलं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि ओरडणं कमी करा म्हणून सांगितलं. "ओरडून कुठी राह्यलो मी?" असं नागसेनने विचारलं, तेव्हा बाहेर बसलेले पेशंट आत डोकावून गेले.

त्याच महिन्यात रिना घरी आली. ही त्याची मुलगी नागपूरला एमबीए करत होती. बाहेरच्या देशातला एखादा विचार गावाकडच्या धंद्याला लावून बघा, असं त्यांना प्रोजेक्ट होतं. हिच्या मैत्रिणींनी जपानचं काहीबाही घेतलं, हिच्या वाट्याला चीन आला.

"पप्पा, ताओ म्हणून एक विचार आहे," जेवता जेवता ती म्हणाली. "फार जुना. निसर्ग जसा चालतो तसं माणसानं चालावं. नदीला कोणी ढकलतं का? तरी ती समुद्रात जाते. चांगला साहेब तो, जो न करता काम होऊ देतो."

नागसेनचा घास हातातच राहिला. "न करता?"

"हो. म्हणजे अगदी काहीच करायचं नाही असं नाही. जबरदस्ती करायची नाही."

यातलं फक्त 'हो' नागसेनने ऐकलं. दुसऱ्या वाक्यापर्यंत त्याला भाजीत मीठ कमी असल्याचं लक्षात आलं होतं.

त्याची बायको नूतन वाढता वाढता म्हणाली, "आपल्या बुद्धानं मध्यम मार्ग सांगितला. तो यायले इतक्या वर्षांत जमला नाई, अन आता चाल्ले चीनले."

पण नागसेनच्या मनाने घेतलं होतं. तो एकदा मनावर घेई ते अर्धवट कधीच सोडत नसे.

दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या गावात कमळाबाईंच्या नातवाचं बारसं होतं. इतवारी माणसं आणि सामान घेऊन पुढे गेला. नागसेन मोटरसायकलवर मागून पोचला, तर मंडप अर्धा उभा झालेला. छान होता. फक्त चुकीच्या घरापुढे होता. कमळाबाई आणि त्यांची जाऊ साधनाबाई यांची घरं लागून लागून, मधे एक भिंत, आणि त्या भिंतीवरून बरीच वर्षं एक शब्दही गेला नव्हता. मंडप साधनाबाईंच्या अंगणात चढत होता. साधनाबाई माणसांना दुसऱ्यांदा चहा देत होत्या.

नागसेनचं तोंड उघडलं. आतून आवाज गळ्यापर्यंत आला. मग त्याला नदी आठवली आणि त्याने तोंड मिटलं. मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकून तो शांत बसला. नदी आपोआप जाईल, असं त्याने स्वतःला बजावलं.

माणसं मात्र घाबरली. इतवारीने दोनदा मुद्दाम पाइप आपटून पाहिला. नागसेन हसला. ते हसणं पाहून इतवारीच्या हातचा हातोडाच खाली आला. तो मंडपावरच्या तरण्या पोराच्या, लोकेशच्या, कानात म्हणाला, "भाऊले लकवा तर नाई मारला? तोंड वाकडं दिसून राह्यलं."

"हसून राह्यले ते," लोकेश म्हणाला. त्यानेही ते पहिल्यांदाच पाहिलं होतं.

दुपारी कमळाबाई मूलच्या बाजारातून बाळाचे कपडे घेऊन परतल्या आणि रस्त्यावरच थांबल्या. "माह्या नातवाचं बारसं त्या बाईच्या अंगणात?" एवढं म्हणून त्या जे सुरू झाल्या, त्या मंडप सोडून, काढून, भिंतीच्या अलीकडे पुन्हा उभा होईपर्यंत थांबल्या नाहीत. साधनाबाईंनी भिंतीपलीकडून तेवढंच विचारलं, "माह्या चहाचं काय?" इतक्या वर्षांनी दोघींत बोलणं झालं ते असं.

नागसेनने स्वतः पाइप वाहिले. कमळाबाईंचा प्रत्येक शब्द पाठीवर पडत होता आणि त्याला जन्मात पहिल्यांदा कळत होतं की कोणी ओरडत असलं की पान्हा हातातून निसटतो, साधी गाठ बसत नाही. एकदा तर त्याने पाइप उलटाच लावला. इतवारीने न बोलता सरळ केला.

संध्याकाळी रिनाने कपाळावर हात मारला. "पप्पा, तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं ना. पण मी काहीच केलं नाई. तूच म्हणे."

"अहो, पाण्याला खड्डा दिसला तर ते आत उतरतं. काठावर खुर्ची टाकून बसत नाही! एक वाक्य सांगायचं होतं. 'इतवारीभाऊ, घर चुकलं.' बस. नंतर गप्प बसायचं."

एक वाक्य. हे तर काहीच न करण्यापेक्षाही अवघड निघालं. नागसेनच्या तोंडून पहिलं वाक्य गेलं की मागून विसावं आपोआप यायचं. मग नूतनने उपाय काढला. कामावर गेलं की सकाळी काय सांगायचं ते सांगायचं आणि दाढेखाली लवंग धरायची. लवंग धरून ओरडता येत नाही, ठसका लागतो. त्या उन्हाळ्यात नागसेनने इतक्या लवंगा खाल्ल्या की माणसं त्याला वासावरून ओळखू लागली. मंडप मात्र उभे राहत गेले, सरळ, आणि बरोबर घरापुढे. नागसेनला याचा आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. आपल्या ओरडण्याने इतकी वर्षं नेमकं काय होत होतं, हा प्रश्न त्याने नूतनला विचारला. "ब्लडप्रेशर," नूतन म्हणाली.

रिनाचा पुढचा धडा ऋतूंचा होता. वर्षाला चढ असतो आणि उतार असतो, तसाच कामालाही असू द्यायचा. हा धडा मे महिन्यात कामी आला. मेमध्ये इकडे लग्नं आणि तेंदूपत्ता एकाच वेळी येतात. घरचे सगळे पहाटेच जंगलात बिडीची ही पानं तोडायला जातात. दरवर्षी नागसेन सकाळी गोदामाच्या दारात उभा राहून गैरहजर माणसांच्या नावाने शंख करायचा. यंदा त्याने इतवारीला बोलावलं आणि दाढेची लवंग काढून विचारलं, "पत्ता तोडून कवा मोकळे होता तुमी?"

इतवारीने आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला विचारतात की काय. "दुपारपर्यंत येतो भाऊ आमी घरी. पुडे बांधाले घरचे असतेत."

"मंग दुपारनंतर या. लग्नाचं काम आदल्या संध्याकाळी करू. उन्हात बी मरायची गरज नाई."

इतवारी घरी जाऊन बायकोला, गिरजाबाईला, म्हणाला, "भाऊ सुधारले." गिरजाबाई म्हणाली, "जास्ती दिवस नाई राह्यचे मंग ते," आणि त्याच्या हातून नागसेनकडे चारोळी पाठवली.

खरी परीक्षा व्याहाडच्या गुणवंतराव गहाण्यांकडे झाली. धानाची मोठी शेती, एकुलती मुलगी नंदिनी, आणि गडचिरोली रोडला लागून असलेल्या मोकळ्या वावरात सगळा थाट. नागसेनने आयुष्यातला सगळ्यात मोठा मंडप तिथे उभा केला. रस्त्यावर गुणवंतरावांच्या साळ्याने वेगळं सांगून आणलेलं फ्लेक्सचं भलंमोठं गेट होतं आणि त्यावर नवरानवरीपेक्षा साळ्याचाच फोटो मोठा होता.

लग्नघटकेला अजून अवकाश होता. आचारी भात उपसत होते. तेवढ्यात पश्चिमेकडे आभाळ काळंनिळं झालं आणि वावरातली धूळ उठून उभी राहिली. छताचं कापड फुगलं. पाइप जमिनीतून करकरले.

"दोऱ्या आवळा!" गुणवंतराव धोतर सावरत धावले. "चारी बाजूनं आवळून टाका! माणसं लटकवा!"

पाहुणे लटकलेही. नागसेनने वर पाहिलं. पूर्वीचा नागसेन असता तर त्यानेही आवळायलाच लावलं असतं, दोन वर्षांपूर्वी एकदा लावलं होतं आणि पाइपासकट सगळा मंडप शेजारच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, गेला होता. वारा ऐकत नव्हता. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. त्याने लवंग थुंकली आणि सगळा उन्हाळा आत साठलेला आवाज एकाच शब्दात बाहेर काढला.

"सोडाऽऽ!"

तो आवाज ऐकून इतवारीचे डोळे पाणावले म्हणतात, धुळीने असतील. माणसं माकडासारखी पाइपांवर चढली. गाठी सुटल्या, छत उतरलं, पडदे उतरले, लोकेशने स्टेजचं कापड नवरीच्या मामीसकट गुंडाळलं आणि मामीला परत बाहेर काढलं.

"अरे, लग्नाचा मंडप नागवा करता काय?" गुणवंतराव ओरडत होते. "पाप लागन तुमाले!"

"वाऱ्याले जाऊ द्या गुणवंतभाऊ," नागसेन म्हणाला. "त्याले आपल्याशी काम नाई, त्याले फक्त पलीकडं जाचं हाये."

वारा आला आणि उघड्या पाइपांमधून शीळ घालत निघून गेला. एकही पाइप हलला नाही. साळ्याने मात्र आपलं गेट सोडू दिलं नव्हतं. उलट त्याला चार जादा दोऱ्या बांधल्या होत्या आणि पाचवी स्वतः धरली होती. गेट त्याच्या देखत उठलं, रस्ता ओलांडून गेलं आणि पलीकडच्या वावरात एका म्हशीवर अलगद बसलं. म्हैस जागची हलली नाही. दोरी धरलेला साळा रस्त्याच्या कडेला धुळीत बसून तिच्याकडे बघत राहिला.

सर येऊन गेली, ऊन पडलं. माणसांनी कापड पुन्हा चढवलं. थोडं ओलं होतं, त्यामुळे उलट आत गारवा आला आणि पाहुणे जेवणानंतरही उठेनात. नंदिनीचं लग्न थोडं उशिरा पण कोरड्या अक्षतांनी लागलं.

पंगतीच्या वेळी गुणवंतराव नागसेनशेजारी येऊन बसले. "निमगडे, हे वारा येताच सोडून द्याचं कोणतं शास्त्र हाये?"

"चायनाचं हाये भाऊ."

गुणवंतरावांनी मठ्ठ्याचा घोट घेतला. "चायनाचा माल टिकत नाई म्हणतेत."

"पाहू," नागसेन म्हणाला आणि मठ्ठ्याचा दुसरा ग्लास मागितला.

रिनाच्या प्रोजेक्टचं कॉलेजात कौतुक झालं. त्यात बारशाचा प्रसंग सविस्तर होता. तो वाचून नागसेन दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, मग फोन करून म्हणाला की कमळाबाईंचं बोलणं तिने जरा कमीच लिहिलंय.

आषाढ आला तसं नागसेनने स्वतः गोदामाला कुलूप लावलं आणि माणसांना सांगितलं, रोवणा आटपा, मगच तोंड दाखवा. इतवारीच्या मावशीला त्या वर्षी जीवदान मिळालं. माणसं गेली आणि नागसेन घरी बसला. पहिल्या दिवशी त्याने नूतनला कुकरची शिट्टी कधी व्हायला पाहिजे ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी डबे उंचीप्रमाणे लावले. तिसऱ्या दिवशी नूतनने त्याच्या हातात छत्री दिली आणि म्हणाली, "इतवारीभाऊच्या वावरात जा. जरा चिखल लागू द्या अंगाले."

गेला. बांधीत, पाणी भरलेल्या धानाच्या तुकड्यात, गिरजाबाई आणि बाया ओळीने धान रोवत होत्या. नागसेनने बांधावरून ओळ वाकडी असल्याचं सांगितलं. गिरजाबाईने वर न पाहता रोपांची एक पेंडी त्याच्याकडे फेकली. मग तो पॅन्ट दुमडून उतरला आणि दिवसभर वाकून रोवत राहिला. त्याची ओळ नदीसारखी गेली, म्हणजे वळणावळणाने. बायांनी हसून हसून ती मागून सरळ केली.

घरी आल्यावर त्याला उठता बसता येईना. नूतन कंबरेला तेल चोळत होती आणि तो पालथा पडून म्हणत होता, "एक काम करजो, सकाळी लवकर उठवजो मले. बाया सात वाजता उतरतेत म्हणे बांधीत."