पितळी पेटीतले दोन निवृत्त

आमच्या साडभाऊंनी एखादी वस्तू तिच्या ठरल्या कामासाठी वापरलेली अख्ख्या पवनीत कोणी पाहिली नसेल. धान उडवायचा पंखा ते जेवताना अंगावर घेतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी स्वतःलाही असंच वेगळ्या कामाला लावलं. ते संगणकावर गेम खेळू लागले. कारण होतं त्यांची मुलगी. ती नोकरीला हैदराबादला. फोनवर बापलेकीचं बोलणं ‘जेवली का’च्या पुढे सरकत नसे, पण ट्रक चालवायच्या एका गेममध्ये ती पुढे, हे मागे, असे परक्या देशाचे घाट चढताना ती मनातलं सगळं सांगायची. फक्त यांच्या जुन्या मशीनवर ट्रक दर घाटात अडकायचा. एकदा ती म्हणाली, “राहू द्या बाबा, नाही होत तर.” ते ‘राहू द्या’ यांना लागलं.

मग त्यांनी नागपूरच्या जुन्या बाजारातून सर्व्हरचे दोन प्रोसेसर आणले, कुठल्याशा कचेरीत वर्षानुवर्षं अखंड राबलेले. मी संगणक भिंतीवरच्या बटणाने बंद करणारा माणूस, तरी विचारलं, “भाऊ, साधा नवा एक घ्यायचा ना.”

“निवृत्ताची किंमत निवृत्तालेच समजते. दोघांचे मिळून चोवीस कोर आहेत, म्हणजे चोवीस कामगार समजा.”

“गेमला किती लागतात?”

“चारेक.”

“मग बाकीचे वीस काय करून राहिले?”

“बसून आहेत. तुम्ही आमच्या हापिसात कधी आले नाही वाटते.”

हे दोघं ज्यावर बसतात तो सर्व्हरचा मदरबोर्ड परातीएवढा, तो कुठल्याच डब्यात मावेना. म्हणून भंडाऱ्याच्या एका कारागिराकडून पितळेची पेटी ठोकून घेतली, आत लाकडी फळी, मागे जाळी. “देव कोणते बसवून राहिले?” कारागिराने विचारलं. यांनी थोडा विचार करून सांगितलं, “दोन आहेत.” पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा राइस मिल सुरू झाल्यासारखा आवाज झाला, आणि मी नकळत उठून उभा राहिलो. हात जोडायचेच काय ते राहिले.

त्या दिवाळीत मुलीला सुट्टी मिळाली नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता, या पेटीवरून पहिल्यांदाच, दोघांनी ट्रक काढायचं ठरलं. दुपारी आम्ही दोघं झेंडूची फुलं आणायला बाजारात गेलो. इकडे त्यांच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीने, दिवाळीची पितळ घासायला काढली. समया, घागर, लोटे, आणि शेवटी ती पेटीसुद्धा. चिंच, राख आणि वरून दोन तांबे पाणी. आम्ही परतलो तर पेटी सोन्यासारखी झळकत होती आणि खालून थेंब गळत होते.

“आता कशी शोभून दिसते,” ताई म्हणाल्या.

साडभाऊंनी फुलांची पिशवी तिथेच खाली ठेवली. पेटी उघडून पुसली, उडवणीच्या पंख्यासमोर अंगणात मांडली. पण पावणेसहाला त्यांचा धीर सुटला. बटण दाबलं, चर्र झालं, उजवीकडून धूर निघाला. ताई तेव्हा आत समया मांडत होत्या. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. त्यांनी शांतपणे उजवीकडचा प्रोसेसर काढून हातरुमालात ठेवला, डावीकडचा सगळा भाग पुन्हा पुसला, आणि परत बटण दाबलं. मिल सुरू झाली. “दोन काहून घेतले म्हणत होते ना तुम्ही,” ते हळूच म्हणाले.

पहिला घाट चढून झाल्यावर स्पीकरमधून आवाज आला, “बाबा, आज कुठंच अडकले नाही तुम्ही.” ताई चिंचेचा वास येणाऱ्या हातांनीच येऊन मागे उभ्या राहिल्या. “आई, तू आहेस का गं तिथं? तूपण बस ना.” त्या बसल्या.

पेटीतली उजवीकडची जागा अजून रिकामीच आहे. काय झालं होतं ते यांनी ताईंना कधी सांगितलं नाही. दर दिवाळीला आतलं सगळं आदल्या दिवशीच काढून शालीत गुंडाळतात, आणि पेटी आपल्या हाताने घासायला देतात. मुलीला आता संसार आहे, लहान बाळ आहे. ती गेममधल्या त्या रस्त्यावर क्वचितच येते. पण रोज संध्याकाळी सहाला मिल सुरू होते, आणि यांचा ट्रक पहिल्या घाटाखाली बाजूला घेऊन, इंजिन चालू ठेवून, उभा असतो.